बर्निसचा पट्टा

आई कधी हॉर्न वाजवत नसे. रविवारी सकाळी ती माझ्या फाटकासमोर पिकअप उभी करायची, इंजिन चालू ठेवायची आणि शेजारच्यांचा कुत्रा भुंकून भुंकून मला बाहेर काढेपर्यंत शांतपणे समोर बघत बसायची. त्या रविवारीही कुत्रा भुंकला. मी एका हातात बूट आणि दुसऱ्या हातात टोस्ट घेऊन बाहेर आले.

"उशीर," आई म्हणाली.

"रविवार आहे आज."

"कोआलांना सांग तसं."

"येते हेच नशीब समज. नोबेल घ्यायला जायचं होतं, ते राहिलं तुझ्यापायी."

"कशाचं नोबेल?"

"सहनशक्तीचं."

ती खूश झाली. आमच्याकडे खूश झालेलं कोणी दाखवत नाही. तिनं गिअर टाकला, एवढंच.

मार्च संपत आला होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना तांबडी ज्वारी कापणीला आली होती आणि काकाकुव्यांचे थवे तिच्यावर उतरत होते. आई खिडकीतून त्यांना शिव्या देत होती, दर वर्षी द्यायची तशाच. तिचं वय त्र्याहत्तर. गुडघे दुखत होते, पण ते दुखतात असं तिनं कधी म्हटलं नाही. ते 'बोलतात' असं म्हणायची.

आमचा झाडोरा म्हणजे मी जन्मायच्या आधी शेताच्या कडेनं लावलेली, नदीकाठच्या जातीच्या निलगिरींची लांबच लांब ओळ. जमिनीतला खार वर येऊ लागला म्हणून ती लावली. आई तेव्हा माती तपासणारी होती, तिनंच शेतकऱ्यांच्या मागे लागून लावून घेतली. कोआलांना कोणी आवतण दिलं नव्हतं. झाडं मोठी झाली आणि ते आपणहून येऊन बसले. त्यानंतर मातीचं काम सुटलं आणि आईचं उरलेलं आयुष्य कोआलांची बुडं बघण्यात गेलं.

हे मी थट्टेनं म्हणत नाही. त्यांच्यातला जो आजार माद्यांना वांझ करतो, तो आधी बुडावर दिसतो. तिथली लव ओली आणि मळकट होते. म्हणून प्रत्येक झाडाखाली आमचं एकच संभाषण ठरलेलं. मी अँटेना फिरवायची, रिसीव्हरची टकटक ज्या झाडापाशी मोठी व्हायची तिथे थांबायची आणि दुर्बीण लावायची. आई भुवया उंचावून विचारायची, मी मान हलवून सांगायची. शब्द नाही. झाडाखाली बोलायचं नाही, हा आईचा नियम होता. खरं तर तो पकडण्याच्या दिवसांपुरता होता, कारण माणसाचा आवाज आला की उतरता कोआला परत वर चढतो. पण आईनं तो रविवारीही पाळला आणि मलाही पाळायला लावला.

गळ्यात रेडिओचा पट्टा असलेल्या सहा माद्या होत्या. त्यांची नावं गावच्या जत्रेतल्या फ्रूटकेकच्या स्पर्धेत आईला हरवलेल्या बायकांची. एडना, मेव्हिस, डल्सी, अशी. बर्निस लॉरिमरनं आईला तीनदा हरवलं होतं, म्हणून सगळ्यांत म्हातारी, कान फाटलेली, तिरसट मादी बर्निस. खऱ्या मिसेस लॉरिमरना हे माहीत होतं. रस्त्यात भेटल्या की विचारायच्या, "काय गं इमोजेन, कशी आहे मी?" "बूड कोरडं आहे तुमचं," मी सांगायची, आणि त्या म्हणायच्या, "देवाची कृपा."

त्या दिवशी सगळ्यांची बुडं कोरडी निघाली. बर्निस तिच्या नेहमीच्या, वीज पडून दुभंगलेल्या झाडाच्या बेचक्यात बसली होती आणि तिची मोठी झालेली मुलगी शेजारच्याच झाडावर. आम्ही परत गाडीपाशी आलो, मागचं फळकट पाडून त्यावर बसलो. आईनं थर्मास उघडला आणि केकचे दोन काप काढले. तिचा केक कोरडा व्हायचा. आयुष्यभर तो कोरडाच झाला.

"कसा झालाय?"

"वाईट नाही."

आमच्या भागात याहून मोठी शाबासकी नाही. लग्नात नवरीला बघूनही लोक हेच म्हणतात.

"पोरगी अजून आईला सोडून गेली नाही," आई शेजारच्या झाडाकडे हनुवटीनं खूण करत म्हणाली. "सगळा मुलूख मोकळा पडलाय आणि ही इथेच. बिचारी."

"बिचारी कशाला? भाडं पडत नाही."

आई हसली नाही. कपातल्या चहाकडे बघत म्हणाली, "विद्यापीठात फोन करून टालियाशी बोलायचंय मला या आठवड्यात. पट्ट्यांच्या बॅटऱ्या हिवाळ्यात संपतायत. नवे घालायचे की काढून टाकायचे, ते ठरवायला हवं."

"मग?"

"माझे गुडघे फार बोलायला लागलेत. इथे दर रविवारी फिरणारं कोणी नसेल तर पट्टे घालून उपयोग नाही. आणि हे काही तुझ्या गळ्यात टाकायचं नाही मला."

"सुटले एकदाची," मी म्हणाले. "तीस वर्षं वाट बघतेय."

"हो ना," आई म्हणाली.

याच्यावर तिनं काहीतरी परत टोलवायला हवं होतं. टोलवायचा तो आमचा खेळच होता. ती थर्मासचं झाकण फिरवत राहिली, ते आधीच घट्ट बसलेलं होतं. गुडघे दुखत असतील, असं मला वाटलं. माझ्या फाटकाशी मला सोडताना ती म्हणाली, "पुढच्या रविवारी नको असेल तर नको हं," आणि मी म्हणाले, "बघते, नोबेलवाले काय म्हणतात ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी नेव्ह तिची शिडी परत करायला गेला. नेव्ह म्हणजे आमचा झाडावर चढणारा, आईबरोबर कित्येक वर्षं काम केलेला, तिला हेस्टर अशी नावानंच हाक मारणारा. आई मागच्या अंगणात, नळीशेजारी पडली होती. पाणी चालूच होतं. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव झाला, तिला कळलंही नसेल. ते असं सगळ्यांनाच सांगतात हे मला ठाऊक आहे, तरी मी त्यांचे आभार मानले. नेव्हला मात्र त्या नळीचंच राहून राहून वाटत होतं. "इतकं पाणी वाया गेलेलं हेस्टरला चाललं नसतं," तो मला दोनदा म्हणाला. मग टोपी काढून पायरीवर बसला.

अंत्यविधीनंतर चर्चच्या हॉलमध्ये केक होते, गावातल्या सगळ्या बायकांनी केलेले, सगळे आईच्या केकहून चांगले. मिसेस लॉरिमर काठी टेकत माझ्यापाशी आल्या. नव्वदीच्या बाईनं सांत्वन करावं तसं त्यांनी माझा दंड दाबला. मग विचारलं, "आता माझं बूड कोण बघणार गं?"

हॉलमध्ये काही जण हसले. मीही हसले. त्या मात्र माझ्याकडे उत्तराची वाट बघत होत्या, आणि मी म्हणाले, "चहा घेतला का तुम्ही?"

टालिया विद्यापीठातून आली होती. माझ्याहून लहान, आईच्या हाताखाली शिकून आता स्वतः संशोधक झालेली, शेतातही कानात मोत्याच्या कुड्या घालणारी. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "पट्ट्यांचं तू काही मनावर घेऊ नकोस. जुलैत आम्ही येऊन काढून टाकू. हेस्टरनं मला त्या रविवारी संध्याकाळीच फोन करून सांगितलं होतं."

"काय सांगितलं?"

"की हे काम आता बंद करू. मी म्हणाले, इमोजेनला विचारून बघू का, तिला झाड न् झाड माहीत आहे. तर म्हणाली, मुळीच विचारायचं नाही. विचारलंस तर ती हो म्हणेल, आणि मनाविरुद्ध करत राहील. लहानपणापासून करत आलीये. म्हणाली, पोरीचे सगळे रविवार मी खाल्ले, आता एक तरी तिचा तिला मिळू दे."

कोणीतरी सँडविचची बशी पुढे केली. मी एक उचललं आणि हातात धरून राहिले.

"मनाविरुद्ध नव्हतं," असं तेव्हा म्हणता आलं असतं. पण आई जाऊन चार दिवस झालेल्या बाईनं असं म्हटलं की लोक तिच्या पाठीवरून हात फिरवतात. टालियानंही फिरवला असता. मी म्हणाले, "जुलैत थंडी असेल, जाड कपडे आणा."

हे कुठून सुरू झालं ते मला माहीत आहे. मी तेरा वर्षांची होते. उन्हाळा असा होता की कोआला पाण्यासाठी जमिनीवर उतरून कुंपणाशी बसत होते, आणि जे उतरत नव्हते ते झाडावरून पडत होते. त्या शनिवारी माझ्या मैत्रिणीच्या घरी तिच्या वाढदिवसाला पोहायला जायचं होतं. त्याऐवजी मी दिवसभर आईबरोबर पाण्याच्या बादल्या वाहिल्या. संध्याकाळी घरी आल्यावर मी पोहण्याचे कपडे जमिनीवर फेकले आणि ओरडले, "मला वीट आलाय तुझ्या या घाणेरड्या जनावरांचा! आणि तुझाही!"

आईनं कपडे उचलून त्यांची घडी केली.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या आधी उठून बूट चढवून दारात उभी होते. रात्रभर मला त्या कुंपणाशी बसलेल्या मादीचीच काळजी लागली होती, जी माझ्या ओंजळीतून पाणी प्यायली होती. पण आईनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "नको असेल तर नको हं." मला वाटलं ती टोमणा मारतेय. मीही मारला. त्यानंतर प्रत्येक रविवारी ती तेच म्हणत राहिली आणि मी प्रत्येक वेळी नवा टोमणा शोधत राहिले, चांगला सुचला तर दिवसभर खुशीत असायची. दुसऱ्या शहरात शिकायला गेले तेव्हाही सुट्ट्या धरून यायची, वर म्हणायची, "तुझ्या लेंड्या गोळा करायला यावं लागतं." एकदा एका मित्राला जेवायला घरी आणलं, तर आईनं त्याला कोआलाची आई पिल्लाला पाला पचावा म्हणून स्वतःची मऊ विष्ठा कशी खाऊ घालते, ते बारकाव्यांसह सांगितलं. त्यानं चॉकलेट पुडिंगला हात लावला नाही. तो परत आलाही नाही. त्या गोष्टीवर मी पंधरा वर्षं आईला छळलं. ती दर वेळी हसायची, आणि दर वेळी शेवटी म्हणायची, "तुला त्रास झाला गं माझ्यामुळे." मला ते आमच्या खेळातलंच वाक्य वाटायचं.

शाळेच्या ग्रंथालयातली नोकरी मी याच गावात घेतली. घरही झाडोऱ्याच्या रस्त्यावरच घेतलं. इतकं सगळं डोळ्यांसमोर असताना तिला कळलं नाही, असं मी पुष्कळ दिवस मनाशी म्हणत होते, जरा रागानंच. पण ती संशोधक होती. जनावर कुठे बसलंय यावरून ते तिथे का बसलंय हे ठरवायचं नाही, असं तीच सगळ्यांना शिकवायची. कधी कधी ते फक्त हलू शकत नसतं.

जुलैत, आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, ते आले. गवतावर पांढरं दहिवर पडलं होतं. पिशवी धरायला मी उभी राहिले, कारण ते दुसऱ्या कोणाला जमत नव्हतं. नेव्ह दोरावर चढतो, लांब दांड्याच्या टोकाला बांधलेलं फडकं कोआलाच्या डोक्यावर हलवतो, आणि ती चिडून, कंटाळून, पाठमोरी खाली उतरू लागते. खाली पिशवीवाला कॅनव्हासचं तोंड उघडून खोडाला चिकटून उभा. हलायचं नाही, बोलायचं नाही, आणि ती छातीच्या उंचीला आली की पिशवी वर न्यायची. लवकर नेली तर ती वर पळते, उशीर झाला तर मांडी फाडते. माझ्या मांडीवर अशा दोन खुणा आहेत.

पहिल्या दोन दिवसांत आम्ही पाच पट्टे काढले. काम चोख झालं. टालिया डोळे बघायची, बूड बघायची, वजन करायची, पट्ट्याचा खिळा सोडवायची, आणि मी पिशवीचं तोंड झाडाच्या बुंध्याशी उघडायची. एडना, डल्सी, मेव्हिस, एकामागून एक वर गेल्या आणि फांद्यांत मिसळल्या. मेव्हिस वर गेल्यावर मी सवयीनं अँटेना उचलली. टकटक आली नाही. वर दोन कोआला बसले होते आणि त्यांतली मेव्हिस कोणती ते आता मला सांगता येत नव्हतं.

"उद्या बर्निस, मग तू मोकळी," टालिया म्हणाली. तिला ते चांगल्या अर्थानंच म्हणायचं होतं.

नेव्हनं माझ्याकडे बघितलं. "मोकळी होऊन करणार काय गं तू?" तो म्हणाला. "केक?"

"माझा आईपेक्षा वाईट होतो."

"तिच्यापेक्षा वाईट? विटा करतेस का काय?"

तिसऱ्या दिवशी दुभंगलेल्या झाडाखाली आम्ही उभे राहिलो. टालियानं हत्यारांच्या डब्याशेजारी एक नवा पट्टाही ठेवला होता. माझी नजर तिथे गेलेली पाहून ती हळूच म्हणाली, "सवयीनं आणला. एक तरी जास्तीचा बरोबर असावा, असं हेस्टर सांगायची." मग तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि नेव्ह चढू लागला.

बर्निसनं त्याला बराच वेळ दाद दिली नाही. फडकं हललं की डोळे मिटून घ्यायची. शेवटी ती निघाली, एकेक पंजा मागे टाकत, मध्ये थांबून गुरगुरत. खोडाची साल तिच्या नखांनी निघून माझ्या केसांत पडत होती. मी श्वास धरला होता. तिचं फाटक्या कानाचं डोकं वर होतं आणि कोरडं, करडं बूड माझ्या तोंडासमोर आलं. मी पिशवी वर नेली. ती आत बसली, जड आणि गरम, आणि मी तिला छातीशी धरून दहिवरात मांडी घालून बसले.

टालियानं कॅनव्हास जरा खाली केलं, तिच्या डोळ्यांवर रुमाल टाकला. पट्टा झिजून गुळगुळीत झाला होता. हा मीच धरून ठेवला होता गेल्या वर्षी, आणि आईनं आवळला होता, दोन बोटं आत घालून, सैल आहे ना ते बघत. मग नेहमीसारखी तीच दोन बोटं तिनं माझ्या गालाला पुसली होती, निलगिरीच्या वासाची, आणि मी "शी" म्हणाले होते.

टालियानं हत्यार खिळ्याला लावलं.

"थांब," मी म्हणाले.

बर्निस पिशवीत दचकली. वर दोरावर नेव्ह थबकला. टालियानं माझ्याकडे बघितलं, भुवया उंचावून, अगदी आई बघायची तसं. त्या झाडाखाली मी उच्चारलेला तो पहिला शब्द होता.

"नवा घाल," मी म्हणाले. "काढून टाकू नकोस. रविवारी मी येईन."

"इमोजेन," ती कुजबुजली, "असं करायची गरज नाहीये. हेस्टरला ते नको होतं. ती म्हणाली होती ना, तुला कधीच—"

"तिला चुकीचं माहीत होतं."

"तिनं सांगितलं मला."

"तिला मी सांगितलं नव्हतं."

माझा आवाज मोठा झाला होता. शेजारच्या झाडावर बर्निसच्या मुलीनं डोकं वळवलं. पिशवीत ती म्हातारी माझ्या बरगड्यांशी धडधडत होती, आणि मी हात सैल केले नाहीत. पुढचं टालियाला सांगायचंच नव्हतं. मी वर बघितलं, बेचक्यात आता कोणी नव्हतं, तरी वरच बघत म्हणाले, कुजबुजत नाही, फाटकातून गाडीकडे जाताना बोलायची तेवढ्या आवाजात:

"आई, मला यायला आवडायचं. बूट मी रात्रीच दाराशी काढून ठेवायची."